चाक मोठे, पण कोणासाठी?



वार्षिक अंकासाठी लेख लिहायचा म्हटले की आपण ‘विज्ञान : शाप की वरदान’, ‘आजचा युवक आणि उद्याचा भारत’ अशा भारदस्त विषयांकडे वळतो. मीही गेली दोन वर्षे तेच केले. या वेळी मात्र मला गाडीच्या चाकांविषयी लिहायचे आहे. विषय वाचून काहीजण हसतील. ‘हा काय कॉलेजच्या अंकाचा विषय झाला? हे टायरच्या दुकानात बोलायचे!’ असेही कोणी म्हणेल. पण या विषयाने माझ्या घरात मला जे शिकवले, ते बी.एस्सी.च्या वर्गात बसून मी शिकलो नव्हतो. शिवाय त्यात चूक माझीच होती. ती कबूल करूनच चार शब्द लिहितो.

कलबुर्गीहून हुमनाबादमार्गे बीदरला जाणारा रस्ता घ्या, नाहीतर आळंदहून उमरग्याकडे जाणारा घ्या. दर दोन-चार मिनिटांनी एक पिकअप गाडी समोरून येते. पाटीवर कधी केए 32, कधी केए 38, कधी एमएच 13, तर कधी एमएच 24. सरहद्द कागदावर आहे. पिकअपला ती ठाऊक नाही. सकाळी दुधाचे कॅन, दुपारी तूर नाहीतर सोयाबीनची पोती, आठवडी बाजारच्या दिवशी शेळ्या, आणि लग्नसराईत वऱ्हाड, असे सगळे या एका गाडीवर चालते. पूर्वी घरी बैलजोडी असली की माणसाची पत असे. आज पिकअप असली की असते.

या पिकअपना गेल्या काही वर्षांत एक नवा छंद जडला आहे. कंपनीने दिलेली साधी लोखंडी रिम काढायची आणि तिथे चकचकीत अलॉय बसवायचे. त्यावर मूळ मापापेक्षा उंच आणि रुंद टायर चढवायचे. टायर मडगार्डच्या बाहेर चार बोटे आला पाहिजे. गाडी लांबून येताना तिची छाती दिसली पाहिजे! गावच्या कट्ट्यावर अशी गाडी उभी राहिली की पोरे भोवती गोळा होतात, मोबाईलवर फोटो निघतात.

त्या पोरांत मीही होतो.

आमचे गाव आळंद तालुक्यात. घरी पाच एकर काळी जमीन आणि अप्पांनी जुनी घेतलेली एक पिकअप. अप्पा सातवीपर्यंत शिकलेले. स्वतःची तूर वाहायची आणि उरलेल्या दिवसांत भाडे मारायचे, असा त्यांचा व्यवसाय. घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच. त्यामुळे बँकेचा कागद असो, मोबाईलवरचा निरोप असो, की खताच्या पोत्यावरचे अक्षर असो, ‘बाळाला दाखवा’ हा घरातला शेवटचा शब्द. या मानाची मला गोडी लागली होती, हे आज लपवत नाही.

त्या साली तुरीला बरा भाव मिळाला. अडतीची पट्टी हातात आली तशी मी गाडीच्या चाकांचा विषय काढला. मित्राच्या गाडीला मोठी चाके लागली होती, आणि माझ्या ओळखीच्या एकाकडे वापरलेला एक संच विकायला होता. अप्पा दोन दिवस गप्प राहिले. मी त्यांना पटवले की चाक मोठे म्हणजे गाडी उंच, गाडी उंच म्हणजे चिखलात रुतणार नाही, आणि रुंद टायर म्हणजे पकड चांगली. हे सगळे मी कुठून आणले? ऐकले होते, इतकेच. शेवटी अप्पा म्हणाले, “आरं, तू शिकल्याला हाईस. तुला कळतंय तर बसवू.”

चाके बसली. गाडी दारात आली तेव्हा आमचा आज्जा ओसरीवर बसला होता. वय ऐंशीच्या पुढे, नजर अधू, पण चाकाला हात लावून त्याने ते चाचपले आणि विचारले, “बैलाला इचारलासा का?” आम्ही सगळे हसलो. म्हातारा अजून बैलगाडीतच बसला आहे, असे वाटले.

त्यानंतर चार महिन्यांनी, तिन्हीसांजेच्या वेळी, अप्पा तूर भरून कलबुर्गीच्या बाजाराला निघाले होते. मी शेजारी बसलो होतो. एका उतारावर मेंढरांचा कळप रस्ता ओलांडत होता आणि कळपामागे धनगराचे आठ-नऊ वर्षांचे पोर होते. अप्पांनी नेहमीच्या अंतरावरून ब्रेक दाबला. गाडी नेहमीच्या ठिकाणी थांबली नाही. त्यांनी अंगातला सगळा जोर पायात आणला. गाडी थांबली तेव्हा ते पोर आणि बंपर यांच्यामध्ये हातभर अंतर होते. पोर पळून गेले. अप्पा खाली उतरले आणि रस्त्याच्या कडेला बराच वेळ बसून राहिले. मला ते एका शब्दानेही बोलले नाहीत. रात्री जेवताना मात्र, कोणाकडेही न बघता, म्हणाले, “मीटरवर तर चाळीसच व्हतं.”

ते वाक्य मला झोपू देईना. मी वही काढली. जो हिशेब चाके घेण्याआधी करायला हवा होता, तो त्या रात्री केला. मित्रहो, त्यात बारावीच्या पलीकडचे काहीही नाही.

टायरच्या अंगावर त्याचे माप छापलेले असते. आमच्या जुन्या टायरवर 215/75 आर 15 असे होते. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसरा सांगतो की टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के आहे. ‘आर’ म्हणजे टायर रेडियल जातीचा आहे, आणि 15 म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. 215 चे 75 टक्के म्हणजे सुमारे 161 मिलिमीटर. ही उंची रिमच्या वर आणि खाली अशी दोनदा येते. त्यात 15 इंचांचे 381 मिलिमीटर मिळवले की टायरचा पूर्ण व्यास होतो 703 मिलिमीटर. नव्या टायरवर माप होते 31 बाय 10.5 आर 15, म्हणजे व्यास सरळ 31 इंच, मिलिमीटरमध्ये 787. नवे चाक जुन्यापेक्षा जवळजवळ 12 टक्क्यांनी मोठे होते.

या 12 टक्क्यांनी काय होते ते पाहा. गाडीचा मीटर रस्ता मोजत नाही, तो फेरे मोजतो. एका फेऱ्यात किती अंतर जाते, हे कारखान्यात ठरलेले असते. चाक मोठे झाले की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर जाते, आणि मीटर मात्र जुनेच अंतर धरून चालतो. म्हणून मीटरवर 40 दिसत असताना अप्पांची गाडी 45 च्या वेगाने जात होती. मीटरवर 60 म्हणजे खरे 67. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे आपण सर्वांनी परीक्षेत लिहिले आहे. 1.12 चा वर्ग सव्वा येतो. म्हणजे अप्पांना जेवढी वाटत होती त्याच्या सव्वापट ऊर्जा त्या गाडीच्या अंगात होती.

आता ब्रेक. ब्रेक चाकाच्या मध्याशी धरतो, आणि गाडी थांबते ती चाकाच्या कडेला, रस्त्यावर. मधली त्रिज्या वाढली की ब्रेकवर तेवढाच पाय पडूनही रस्त्यावर मिळणारा रोध त्याच प्रमाणात घटतो. सव्वापट ऊर्जा आणि त्यातही कमी रोध, या दोहोंचा गुणाकार केला तर थांबायला लागणारे अंतर सुमारे 1.4 पट निघते. पूर्वी जिथे 20 मीटरमध्ये गाडी थांबायची तिथे आता 28 मीटर लागणार. अप्पांचा पाय पंचवीस वर्षांच्या सवयीने अगदी बरोबर अंतरावर पडला होता. ती सवय मी त्यांना न सांगता खोटी ठरवली होती.

बाकीचे नुकसान याच्या मानाने लहान, पण तेही सांगतो. इंजिनची ताकद तीच राहिली. चाक मोठे झाल्याने रस्त्यावर पोचणारी ओढ सुमारे 11 टक्क्यांनी कमी झाली. म्हणून भरलेली गाडी चढावर एक गिअर खाली मागू लागली, क्लच तापू लागला. अप्पा भाडे किलोमीटरवर घेत आणि किलोमीटर मीटरवर बघत. खरे 100 किलोमीटर पळाले की मीटरवर 89 दिसत; म्हणजे दर शंभरामागे 11 किलोमीटरचे भाडे ते चार महिने फुकट देत होते. नवी रिम बाहेर झुकलेली असल्याने वजनाचा भार बेअरिंगवर मूळच्या जागी न पडता बाहेरून पडू लागला, आणि तिसऱ्याच महिन्यात पुढचे बेअरिंग आवाज करू लागले. भरल्या गाडीचे स्टेअरिंग पूर्ण वळवले की टायर मडगार्डला घासे. आणि स्टेपनी? ती जुन्याच मापाची राहिली. एकदा रात्री मागचे चाक पंक्चर झाले तेव्हा एका बाजूला मोठे आणि दुसऱ्या बाजूला लहान चाक घालून अप्पा घरापर्यंत आले. दोन्ही चाके वेगवेगळ्या गतीने फिरत असल्याने वळणापुरते काम करणारे डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही सारखे राबत राहिले.

‘पण गाडी उंच झाली की नाही?’ झाली. व्यास 84 मिलिमीटरने वाढला, म्हणजे आसाची उंची त्याच्या निम्म्याने, 42 मिलिमीटरने वाढली. आडवी धरलेली दोन बोटे! एवढ्यासाठी तुरीच्या पट्टीतला निम्मा पैसा गेला.

चिखलाचे तरी काय झाले? आपल्या भागातल्या काळ्या मातीला पाऊस लागला की ती टायरला लोण्यासारखी चिकटते आणि टायरच्या खाचा भरून टाकते. खाचा भरल्या की टायर नवा असो वा जुना, तो गुळगुळीतच. अशा मऊ जमिनीवर गाडीला तारते ती टायरमधली कमी हवा. हवा कमी केली की टायर जमिनीवर पसरतो आणि भार जास्त जागेवर विभागला जातो. म्हणूनच मोकळी जीप हवा सोडून चिखलातून निघते. पण दीड टन माल भरलेल्या पिकअपची हवा सोडता येत नाही, कारण टायरचे वजन पेलण्याचे बळ त्या हवेतच असते. हवा सोडली तर टायरची बाजू दबून तापते आणि फुटते. तेव्हा माझा तोही मुद्दा फोल ठरला.

आपले कन्नड भाषिक मित्र चाकाला ‘गालि’ म्हणतात आणि हवेला ‘गाळि’. एका ‘ल’चा आणि ‘ळ’चा फरक! आपण पोरे गालिकडे बघत बसतो. भार मात्र गाळि उचलते.

आता आज्जाच्या प्रश्नाकडे येतो. हिशेब झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी त्याच्याजवळ जाऊन बसलो आणि विचारले, “आज्जा, बैलाला विचारायचं म्हणजे काय?” तेव्हा त्याने मला त्याच्या चाकांची गोष्ट सांगितली.

त्याच्या तरुणपणी घरी लाकडी चाकांची गाडी होती. लाकडाचा तुंबा, त्यात बसवलेले आरे आणि कडेने लोखंडी धाव. पुढे डांबरी रस्ता झाला, आणि रबरी टायरच्या गाड्या आल्या. त्यांना अजूनही कित्येक गावांत ‘डनलॉप’ म्हणतात. ज्या जॉन बॉईड डनलॉप यांनी 1888 साली बेलफास्टमध्ये हवा भरलेला टायर पुढे आणला, त्यांचे आडनाव आपल्या बैलगाडीचे नाव होऊन बसले. आज्जानेही टायरगाडी घ्यायचे ठरवले. म्हणजे चाक बदलण्याचा मोह आमच्या घरात माझ्यापासून सुरू झालेला नाही!

पण त्याने ते कसे बदलले? पहिल्या दिवशी त्याने निम्मेच वजन भरले. संध्याकाळी जू उतरवले आणि बैलांच्या खांद्यावरून हात फिरवला. खांदा तापला आहे का, सुजला आहे का, बैल वैरणीला तोंड लावतो आहे का, हे पाहिले. दुसऱ्या दिवशी दोन पोती वाढवली, पुन्हा खांदा पाहिला. पंधरा दिवसांनी त्याचे मत झाले की डांबरी रस्त्यावर हे चाक बैलाला सुखाचे आहे. मग त्याने जास्त वजन घातले. पावसाळ्यात शेतात जायला मात्र त्याने लाकडी चाकाची जुनी गाडी आणखी काही वर्षे ठेवली, कारण चिकट मातीत तिचे अरुंद चाक माती कापत खालच्या घट्ट जमिनीपर्यंत जाई. “बैलानं व्हय म्हटलं, मग मी व्हय म्हटलं,” असे तो म्हणाला.

बंगळूरच्या भारतीय प्रबंध संस्थेचे पहिले संचालक प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी 1970 च्या दशकात बैलगाडीचा शास्त्रीय दृष्टीने विचार व्हावा, म्हणून देशभर आवाज उठवला. जड गाडी आणि चुकीचे जू यांनी बैलाच्या मानेला जखमा होतात, हे त्यांनी शहरी विद्वानांपुढे मांडले. व्यवस्थापनशास्त्राचा एवढा मोठा प्राध्यापक बैलाच्या मानेकडे पाहतो याचे तेव्हा कित्येकांना नवल वाटले असेल. आमच्या निरक्षर आज्जाला वाटले नसते.

आज मला आज्जाच्या प्रश्नाचा अर्थ असा लागतो. बैल तक्रार करतो. तो बसतो, अडतो, वैरण सोडतो. मालकाने केलेला चुकीचा बदल त्याच संध्याकाळी त्याच्या खांद्यावर दिसतो. पिकअप असे काही करत नाही. तिचे बेअरिंग तीन महिने मुकाट्याने झिजते. तिचा मीटर खोटे बोलतो आणि आपल्याला ते कळत नाही. तिचा ब्रेक कमी पडतो, तो नेमका ज्या दिवशी समोर पोर असते त्या दिवशी कळतो. बैलाच्या जागी मुके यंत्र आले, तेव्हा बैलाचे बोलणे आपण कोणाकडून तरी ऐकायला हवे. ते बोलणे म्हणजेच हिशेब. आणि हा हिशेब येतो कोणाला? तुम्हाला आणि मला. सूत्र आपल्या वहीत असते. गाडी बापाच्या पायाखाली असते. या दोहोंची गाठ घालून देणे हे आपले काम होते, आणि मी ते केले नाही. मी सूत्र परीक्षेसाठी ठेवले आणि घरी ऐकीव गोष्ट सांगितली. अप्पांनी ती शिकलेल्याची म्हणून मानली.

यावर कोणी म्हणेल, ‘म्हणजे गाडी सजवायचीच नाही का? तरुणांनी हौस करू नये का?’ अवश्य करावी. कारहुणवीला, पोळ्याला आपण बैल सजवतोच. शिंगे रंगवतो, झूल घालतो, गोंडे बांधतो, वाजतगाजत मिरवतो. पण बैल आणखी रुबाबदार दिसावा म्हणून त्याला हत्तीचे पाय कोणी लावले नाहीत. गाडीला रंग द्या, नाव घाला, आरसे लावा, गोंडे बांधा. ज्यावर भार आणि जीव चालतो, त्याला हात लावताना मात्र हौस बाजूला ठेवा.

कलबुर्गीच्या शरणबसवेश्वरांच्या जत्रेत आपण रथ पाहतो. त्याच्या चाकांपुढे माणूस लहान दिसतो. मीही लहानपणी त्या चाकांकडे डोळे मोठे करून पाहिले आहे. पण अशा रथाला वर्षातून एकदाच आणि थोडेच अंतर जायचे असते, हजारो हात त्याला ओढतात, आणि चाकाखाली लाकूड घालून त्याला थांबवणारी माणसे सोबत चालत असतात. देवाच्या रथाला ते चाक शोभते. तूर घेऊन रोज सव्वाशे किलोमीटर जाणाऱ्या गाडीला दुसरे चाक लागते. लहान चाक म्हणजे कमीपणा, असेही समजू नये. 2005 साली आलेली टाटा एस ही गाडी, जिला आपण सगळे ‘छोटा हत्ती’ म्हणतो, 12 इंची रिमवर उभी होती. गाडीचा हौदा जमिनीपासून खाली राहावा, पोती चढवणे सोपे जावे आणि लहान इंजिनालाही माल ओढता यावा, यासाठी लहान चाक सोयीचे. त्या लहान चाकावर कितीतरी घरांचे संसार उभे राहिले.

मोठे चाक सदासर्वदा वाईट, असेही माझे म्हणणे नाही. टायर झिजल्यावर तो बदलावाच लागतो, आणि त्या वेळी थोडे वेगळे माप घेण्यालाही कधी कारण असते. त्यासाठी चार गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे, बाहेरचा व्यास मूळ मापाच्या तीन टक्क्यांच्या आतबाहेर राहावा, असा जाणकारांचा सर्वसाधारण संकेत आहे. 215/75 वरून 235/75 वर गेले तरी फरक चार टक्क्यांच्या वर जातो. दुसरी, टायरवर मापानंतर येणारा भाराचा अंक. 100 हा अंक म्हणजे एका टायरला 800 किलो, 112 म्हणजे 1,120 किलो. हा अंक मूळ टायरपेक्षा कमी असता कामा नये. तिसरी, टायर कधी तयार झाला ती तारीख. बाजूवर चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. वापरलेला टायर वरून चकाकत असला तरी रबर म्हातारे झालेले असू शकते. माझ्या संचावरचे ते आकडे मी नंतर वाचले, आणि काय वाचले ते इथे सांगत नाही, लाज वाटते. चौथी गोष्ट रिमची. लोखंडी रिम खड्ड्यात वाकली तर गावचा मिस्त्री ठोकून सरळ करतो; अलॉय तडकले तर तडकले. आपल्या रस्त्यांवर कोणते बरे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

शिवाय कायदाही आहे. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणीच्या कागदातला तपशील कंपनीच्या मूळ नमुन्याहून वेगळा पडेल, असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये याच अर्थावर बोट ठेवले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ मध्ये, नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अपघात झाला तर विमा कंपनीही हाच प्रश्न पुढे करू शकते. पण खरे सांगायचे तर दंडाच्या भीतीने मी शहाणा झालो नाही. मला शहाणे केले ते त्या हातभर अंतराने.

आता एक सूचना करून लेख संपवतो. टायरवर जे काही छापलेले असते ते इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत. ते ना मराठी, ना कन्नड. पिकअप चालवणारे आपले वडील, काका, मामा यांतले कितीजण ते वाचू शकतात? आपल्या कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दर वर्षी होते. आपण झाडे लावतो, गटारी साफ करतो. ते चांगलेच आहे. येत्या शिबिरात एक दिवस गावच्या गाडी अड्ड्यावर बसू या. एक टेप, हवा मोजायचे एक साधन आणि एक वही पुरे. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी व्यास आणि वेग काढावा. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी भाड्याचा आणि डिझेलचा हिशेब करून दाखवावा. मराठी आणि कन्नड विभागाच्या मित्रांनी मिळून टायर कसा वाचावा, याचे एक पानी पत्रक दोन्ही भाषांत तयार करावे. या अंकाच्या दोन विभागांनी एकत्र मिळून करावे असे याहून उपयोगी काम मला तरी सुचत नाही. सरांनी मनावर घेतले तर खर्च पाचशे रुपयांच्या वर जाणार नाही.

आमच्या घरचे सांगायचे तर ती मोठी चाके निघाली. आणली त्याच्या निम्म्या किमतीला गेली. घेणाऱ्याला मी माझा सगळा हिशेब सांगितला. त्याची जीप शेतावरच फिरते, असे तो म्हणाला. जुन्याच मापाचे चार नवे टायर घ्यायला अप्पांबरोबर गेलो तेव्हा दुकानातल्या उस्तादांनी विचारले, “वापस छोटेच लगाने का?” अप्पांनी माझ्याकडे पाहिले. मी वही उघडली आणि त्यांना समजेल अशा भाषेत, माप वाचून, एकेक आकडा सांगितला. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. दोन ठिकाणी थांबवून पुन्हा विचारले. मग उस्तादांना म्हणाले, “लावा.”

गाडी दारात आली. आज्जाने चाकाला हात लावला आणि या वेळी काही विचारले नाही.